जयवंतीच्या वाटणीची गोळी

वेवजीच्या डोंगरीपाड्यात बीपी हा एक आजार होता. तो कोणाला असे, कोणाला नसे. दमा असतो किंवा नसतो, तसंच. पाड्यात तो तिघांना होता, आणि त्या तिघांत एक जयवंती. तीन वर्षांपूर्वी शाळेत शिबिर भरलं तेव्हा नर्सबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला बीपी आहे." तेव्हापासून उपकेंद्रातून दर महिन्याला गोळ्यांच्या पट्ट्या येऊ लागल्या. रोज सकाळी एक पांढरी गोळी, आणि ती आयुष्यभर चुकवायची नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं.

तिच्या नवऱ्याला, चिमणला, याची मोठी गंमत वाटायची. "शेठाणीचा आजार माझ्या झोपड्यात आला," असं तो आल्यागेल्याला सांगे. "आता मोटार तेवढी घ्यायची राहिली." जयवंती कशावरून चिडली की तो मुलाला हाक मारून म्हणे, "नितीन, आयेला गोळी दे रे. बीपी बोलतो तिचा."

"तुलाच होवो एकदा, मग समजेल," जयवंती म्हणे.

असं ती किती वेळा म्हणाली असेल, त्याला मोजमाप नाही. नवराबायकोचं बोलणं तेवढ्यापुरतं असतं. चूल पेटेपर्यंत ते विरून जातं.

दिवाळी झाली, भात झोडून झाला, आणि गवताचे दिवस आले. तलासरीकडे या दिवसांत डोंगरउतार सोनेरी होतात. माणसं विळे घेऊन उतारांवर पसरतात, गवत कापून पेंढ्या बांधतात, आणि त्या वखारीत जातात. चिमण पंचावन्नचा असला तरी कापणीत जवान पोरांना मागे टाकायचा. त्या दिवशी दुपार उलटल्यावर त्याने बांधलेली पेंढी उचलली, आणि पेंढीखालून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज झाला. शेजारी कापत असलेला सुक्या ओरडला, पण तोवर घोणस सापाने पोटरी धरली होती.

लोक म्हणतात, पाड्यातली माणसं आधी भगताकडे धावतात. चिमणला कोणी भगताकडे नेलं नाही. पाय चिरला नाही, आवळून बांधला नाही. सुक्याने त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागे धाकल्या बसला, चिमणचा धाकटा भाऊ, आणि अर्ध्या तासात तिघं तलासरीच्या सरकारी दवाखान्यात होते. सापावरची लस वेळेत मिळाली. डॉक्टर म्हणाले, वाचला.

आणि वाचलाच होता. पण दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, आणि तिसऱ्या दिवशी ती झालीच नाही. पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा पडला, ताप चढला. "किडनी बंद पडली," डॉक्टरांनी नितीनला सांगितलं. "मशीन लावावी लागेल. डहाणूला न्या."

डहाणूच्या दवाखान्यात, चिमणला आयसीयूत घेण्याआधी, एक सिस्टर कागद घेऊन आली. तिचं नाव योगिता. वयाने जयवंतीच्या मुलीसारखी, बोलायला चटपटीत.

"मावशी, बाबांना शुगर आहे?"

"नाय."

"बीपी?"

"नाय बाय. बीपी मना हाय. त्याला काय पण नाय."

"कसली गोळी चालू आहे का?"

"तंबाखू चालू हाय."

योगिता हसली आणि कागदावर लिहून निघून गेली. जयवंतीलाही तेवढ्यात जरा हलकं वाटलं. दवाखान्यात कोणी हसलं की माणूस वाचणार असं वाटतं.

मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी लावली. आयसीयूच्या दाराला हातभर काच होती. तिच्यातून जयवंतीला नवऱ्याचे पाय दिसायचे, आणि पलंगाशेजारी कपाटाएवढं यंत्र, त्यात फिरणारं एक चाक, आणि लाल नळ्या. ते चाक फिरत होतं तोवर ती काचेपाशी उभी राहिली. रक्त बाहेर काढतात, धुतात, परत घालतात, असं नितीनने तिला सांगितलं होतं. गोधडी धुवावी तसं रक्त धुतात, म्हणजे काय काय शोधून काढलंय माणसाने, असं तिला वाटलं.

पाऊण तास झाला असेल. आत एकदम घंटी वाजू लागली. योगिता धावली. यंत्रावरच्या माणसाने चाक थांबवलं. मग कोणी पलंगाची पायाकडची बाजू वर केली, कोणी बाटली लावली. जयवंतीने काचेला कपाळ टेकलं.

थोड्या वेळाने योगिता बाहेर आली. तिच्या कपाळावर घाम होता.

"काय झाला, बाय?"

"थांबवावी लागली मशीन. बीपीने घोळ केला."

"बीपीने?"

"हो ना मावशी. बीपीचाच सगळा त्रास आहे त्यांना. बीपी नीट राहिला असता तर चार तास पूर्ण झाले असते आज. आता उद्या बघू." आणि ती औषधांच्या खोलीकडे पळाली. तिच्या मागे आणखी पाच पेशंट होते.

संध्याकाळी नितीन कंपनीतून आला. तो सरीगामला कामाला होता. आयसीयूच्या डॉक्टरीणबाई त्याच्याशी दोन मिनिटं बोलल्या. त्याने बाहेर येऊन आईला सांगितलं, "बाबाचा बीपी कंट्रोलमध्ये येत नाय, आये. तोपर्यंत मशीन नीट चालणार नाय. आणि मशीन नाय चालली तर..."

जयवंतीने विचार केला, आणि तिच्या मनात सगळं एका ओळीत बसलं. चिमणला बीपी झाला होता. कदाचित आधीपासून असेल, त्याने कधी दंडाला पट्टा बांधूनच घेतला नव्हता. इथे आल्याआल्या त्यांनी विचारलं, बीपी आहे का, गोळी चालू आहे का. आणि तिने तोंड वर करून सांगितलं, नाही. वर तंबाखूची मस्करी केली. सिस्टरने ते कागदावर लिहिलं. आता कागदावर 'नाही' असं लिहिलंय म्हटल्यावर ते गोळी कशी देतील? एवढी यंत्रं आहेत, नळ्या आहेत, पण ती एक साधी पांढरी गोळी त्याला कोणी देत नव्हतं, आणि ते तिच्या बोलण्यामुळे.

जाऊन सांगावं, माझं चुकलं, असं तिच्या मनात आलं. पण दवाखान्यात दिलेली माहिती बदलायची म्हणजे काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते तिला रेशनकार्डावरचं नाव बदलताना कळलं होतं. शिवाय गोळी तिच्याजवळ होती. कमरेच्या पिशवीत, पाड्यात गोळ्या वाटणाऱ्या आशाताईने दिलेली, अर्धी पट्टी. उपकेंद्राची, सरकारी, खात्रीची. ती गोळी घेतली की महिनाभरात तिचा बीपी उतरला होता आणि नर्सबाई म्हणाल्या होत्या, "बघा, गोळीने कसा ताब्यात आला."

ताब्यात म्हणजेच कंट्रोलमध्ये. एवढं तिलाही कळत होतं.

सकाळी आठ वाजता घरच्या एका माणसाला आत सोडायचे. चिमण शुद्धीत होता, पण थकलेला. पाणी मोजून द्यायचं होतं, आणि पेजही मोजून, अर्धी वाटी. योगिताने वाटी जयवंतीच्या हातात दिली. "तुमच्या हातून खातायत बघा. माझ्या हातून तोंड वाकडं करतात."

पट्टीत पाच गोळ्या उरल्या होत्या. तिने रोज त्याला एक द्यायची आणि आपण घ्यायची नाही असं ठरवलं. गोळी चमच्याखाली दाबून चुरली, पेजेत कालवली, आणि भरवली.

"कडू लागते," चिमण म्हणाला.

"औषध हाय. गिळ."

"पाणी दे."

"पाणी मोजून हाय."

"तू कधीपासून मोजायला लागलीस?" त्याने विचारलं, आणि डोळे मिटले.

त्या दिवशी दुपारी मशीन पुन्हा लावली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी ती हळू चालवायला सांगितली. पाणी थोडं थोडंच ओढायचं, यंत्रातलं पाणी जरा गार ठेवायचं, आणि शेजारच्या पंपातून नळीने औषध सोडायचं. चिमण कुडकुडत होता. जयवंतीने आत जाऊन त्याच्या अंगावर दुसरं ब्लँकेट घातलं. दोन तास चाक फिरलं. जयवंतीला वाटलं, गोळी लागू पडली. मग घंटी वाजली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने दुसरी गोळी दिली. एका गोळीने काय होतं, असं तिने स्वतःला समजावलं. तिचाही पहिल्या दिवशी उतरला नव्हता.

तिचं स्वतःचं डोकं त्या सकाळपासून दुखत होतं. मान जड झाली होती.

मशीन चालवणारा माणूस नविन नावाचा होता, रानशेतचा. तिशीचा असेल. तो बोलायला लागला की जयवंतीला घरचं कोणी बोलतंय असं वाटे, कारण तो तिच्याशी दवाखान्यातली भाषा बोलायचा नाही. त्या दिवशी मशीन लावायच्या आधी तो बाहेर बाकावर चहा प्यायला आला आणि तिच्या शेजारी बसला.

"मावशे, जेवलीस काय?"

"नंतर जेवेन. आज तरी नीट चालेल काय रे मशीन?"

नविनने चहात बिस्कीट बुडवलं. "काय सांगू. मशीन बिघडलेली नाय. मशीन रक्तातलं पाणी ओढते, बघ. शेताच्या चोंढ्यातून, त्या पाण्याच्या खड्ड्यातून, पंपाने पाणी ओढतात, तसं. झरा चांगला असला तर मागून पाणी येत राहते. झरा बारीक असला आणि तू जोराने ओढलास, तर चोंढा कोरडा पडतो. तुझ्या माणसाचा झरा बारीक झालाय. ओढायला गेलो की बीपी पडतो."

"पडतो?"

"पडतो म्हणजे खाली जातो. शंभरचा ऐंशी, ऐंशीचा साठ. साठच्या खाली गेला की मी थांबवतो."

जयवंती त्याच्याकडे बघत राहिली. "खाली जातो तर चांगलाच ना? माझा खाली यावा म्हणून तर गोळी देतात."

"तुझा वर चढतो, मावशे. त्याचा पडतो. दोन्हीला बीपीच म्हणतात, पण हा उलटा. त्याला वर उचलायला औषध चालू हाय, त्या पंपातून." तो हसला, आणि बिस्कीट अर्धवट चहात तुटलं, ते बोटाने काढता काढता म्हणाला, "तुझी गोळी त्याला दिलीस तर जागेवर जाईल की तो."

ते त्याने हसत म्हटलं होतं. बोट पुसून, कप टाकून तो आत गेला.

जयवंती बाकावर बसून राहिली. मग उठली. नळावर गेली आणि पेजेची वाटी धुतली. ती धुतलेलीच होती. पुन्हा धुतली. चमचा धुतला. बाकावर येऊन बसली आणि वाटी पदरात धरली.

डॉक्टरीणबाई तिच्या समोरून एकदा गेल्या. जयवंतीने तोंड उघडलं, पण बाई फोनवर बोलत होत्या. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा त्या एकट्याच होत्या, थांबल्याही. "काय हो मावशी, बरं वाटत नाही का?" जयवंतीने मान हलवली. बाई पुढे गेल्या.

तिला पोलिसांची भीती वाटली नाही. नितीनची वाटली, ती खरी. पण त्याहून जास्त कशाची वाटली ते तिला धड सांगता आलं नसतं. तोंडाने बोललं की ते खरं होणार होतं. न बोलता बसलं तर अजून असं काही झालंच नाही, नविन मस्करी करत होता, दुपारी मशीन नीट चालेल आणि विषय संपेल. अशी ती बसली. किती वेळ, ते पुढे तिने डॉक्टरांनाही सांगितलं नाही. पाऊण तास तरी असेल. चाक फिरायला लागलं होतं.

आतून घंटी वाजली.

ती काचेपाशी गेली. योगिताने पलंगाची पायाकडची बाजू उचलली होती, चिमणचं डोकं खाली लटकल्यासारखं झालं होतं. नविन म्हणत होता, "मॅडम, पाणी ओढतच नाय मी. एक थेंब नाय. फक्त रक्त फिरवतोय, तरी पडतोय." आणि डॉक्टरीणबाई पंपाचं बटण दाबत म्हणत होत्या, "कालच्यापेक्षा तिप्पट औषध आहे. काहीतरी आहे जे आपल्याला दिसत नाहीये."

जयवंती चपला घालूनच आत गेली. आत चपला चालत नसत. योगिता ओरडली, "मावशी, बाहेर!"

"मी दिली," जयवंती म्हणाली.

"काय दिली?"

"गोळी. माझी. बीपीची." तिने पिशवीतून पट्टी काढली आणि पुढे धरली. तीन गोळ्या उरलेल्या. "काल एक. आज एक. पेजेत."

घंटी वाजतच होती. डॉक्टरीणबाईंनी पट्टी घेतली, मागे उलटवून नाव वाचलं. ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, "आज किती वाजता?"

"आठ."

"दोनच? नक्की?"

"दोनच. माझी शपथ."

"बरं झालं सांगितलंत." मग त्या वळल्या आणि भराभर कसली कसली नावं घेऊ लागल्या. मशीन बंद झाली. कॅल्शियमचं इंजेक्शन आलं, दुसरा पंप आला. योगिताने जयवंतीला दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर आल्यावर ती स्वतःच भिंतीला टेकली आणि रडायला लागली. "मीच म्हटलं होतं तुम्हाला. बीपीचा त्रास आहे, बीपीचा त्रास आहे. मीच."

"तू कशाला रडतेस, बाय," जयवंती म्हणाली. तिला स्वतःला रडू येत नव्हतं.

दिवस मावळायच्या आत डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. "ही गोळी मशीनने ओढून काढता येत नाही. अंगातून जायला दोन-तीन दिवस लागतील. तोवर सांभाळायचं. मी हे कागदावर लिहिलंय, ते लिहावं लागतं. पण आमच्याकडून बाहेर कोणाला कळणार नाही. मुलाला सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा." मग त्यांनी योगिताला हाक मारून जयवंतीच्या दंडाला पट्टा बांधायला लावला. एकशे नव्वद निघाला. तिला तिथेच एक गोळी दिली आणि आपल्यासमोर गिळायला लावली.

नितीनला तिने सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाली, आणि उद्याला पुन्हा उद्या.

चिमण मात्र सावरला. दोन दिवसांत पंप हळूहळू कमी झाला. त्यानंतर मशीन लावली ती नविनने आठ तास चालवली, इतकी हळू की चाक झोपेत फिरतंय असं वाटावं, आणि एकदाही घंटी वाजली नाही. दुसऱ्या सकाळी चिमणचा चेहरा उजळला होता. जयवंती पेज घेऊन आत गेली तेव्हा त्याने विचारलं, "आज कडू नाय?"

तिने वाटी खाली ठेवली. इकडेतिकडे बघितलं. मग त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. एका दमात सांगितलं, मागचं पुढे, पुढचं मागे. चोंढ्याचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, बाकावर बसून राहिली तेही सांगितलं, जे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

चिमण छताकडे बघत होता. मग त्याने मान वळवली.

"तुझी गोळी मना दिलीस?"

"हां."

"मग त्या दोन दिवशी तू काय घेतलास?"

"काय नाय घेतला."

"येडी," तो म्हणाला. "मरायचं होतं काय?"

तेव्हा तिला रडू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. तो तिच्या हातावर बोटं ठेवून पडून राहिला. बोटं सुजलेली होती आणि गार होती.

पाय मात्र सुधारत नव्हता. पोटरीतली जखम कुजत चालली होती, दोनदा साफ केली तरी पुन्हा पू भरला. त्याच संध्याकाळी ताप चढला. पायातलं विष रक्तात पसरलं, असं डॉक्टर म्हणाले, पण हे विष सापाचं नव्हतं, जखमेचं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने कोणाला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला, बाहेर झाडूवाल्या बाया पायऱ्या धूत असताना, चिमण गेला. मशीन तेव्हा लावलेली नव्हती.

डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. नितीन कागदांवर सह्या करायला गेला तेव्हा जयवंतीने त्यांना विचारलं, "गोळी नसती दिली तर वाचला असता?"

बाई म्हणाल्या, "पाय फार बिघडला होता. तीन दिवसांपूर्वीच मला त्याची काळजी होती. गोळीचा असर उतरला होता, हे मी खात्रीने सांगते. पण ते वाया गेलेले दिवस..." त्या थांबल्या. "मला ठाऊक नाही, मावशी. खोटं सांगत नाही तुम्हाला. मला खरंच ठाऊक नाही."

जयवंतीने मान डोलावली. खोटं सांगितलं असतं तर तिला ते कळलं असतं.

दहा वाजता पाड्याचा टेम्पो आला. धाकल्या, सुक्या, आणखी पंधरा-वीस माणसं. बायका भिंतीशी बसून रडू लागल्या, आणि पुरुष चहाच्या टपरीवर गेले. तिथे कोणीतरी कोणाकडून ऐकलं. दवाखान्यात काम करणारी एक बाई बोलून गेली होती, की मागे एकदा या पेशंटला चुकीची गोळी गेली आणि आत मोठी धावपळ झाली. टपरीवरून ते वाक्य परत आलं तेव्हा त्याला दात फुटले होते.

धाकल्या पायऱ्या चढून आला. डोळे लाल झाले होते. "चुकीची गोळी कोणी दिली माझ्या भावाला? कोण होता? बाहेर काढा त्याला!"

वॉचमन आडवा आला, त्याला सुक्याने बाजूला सारलं. नितीन सह्या टाकून धावत आला. "काय? कसली गोळी?"

"इचार यांना! आपण अडाणी म्हणून काय पण देतात आपल्याला!"

नविन नेमका तेव्हाच दारातून बाहेर आला. कोणीतरी म्हणालं, "हाच मशीन चालवतो." दोघांनी त्याची कॉलर धरली. धाकल्याने त्याला भिंतीवर दाबलं. "बोल. तूच दिलीस काय? बोल ना!"

नविनने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. त्याची नजर गर्दीवरून जयवंतीपर्यंत आली, तिथे क्षणभर थांबली, आणि त्याने ती खाली घातली. दाराच्या काचेमागे योगिता उभी होती, तोंडावर हात ठेवून. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्याला सोडा. काय विचारायचं ते मला विचारा."

"मग तुम्ही सांगा! गोळी गेली की नाय चुकीची?"

"गेली," बाई म्हणाल्या. "जबाबदारी माझी आहे. माझ्या वॉर्डात गेली."

नितीन पुढे झाला. त्याने मूठ आवळली होती. जयवंतीने ती मूठ पाहिली. बापाची मूठ होती, तशीच जाड, विळा धरायची.

"नितीन," ती म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. ती भिंतीपासून उठली, बायकांमधून वाट काढून पायऱ्या चढली, आणि नविन आणि धाकल्या यांच्यामध्ये उभी राहिली.

"गोळी मी दिली."

"वयनी, तू बस तिकडे. तुला काय समजते त्यातला?"

"मना नाय समजला, म्हणून तर दिली." तिचा आवाज बारीक होता पण ऐकू येत होता, कारण आता बाकीचे गप्प झाले होते. "माझी गोळी होती. उपकेंद्रातली. ते म्हणाले बीपी, मना वाटला माझ्यासारखाच. दोन दिवस पेजेत कालवून दिली. यांना ठावंच नव्हता. कळला तेव्हा यांनीच तिचा असर उतरवला. यांनीच त्याला आणखी चार दिवस ठेवला." ती दम घ्यायला थांबली. "सोड त्या पोराला. त्याने मना मावशी म्हटलीय."

धाकल्याचा हात कॉलरवरून सुटला. तो तिच्याकडे बघत राहिला, जणू ती कोणी परकी बाई होती. सुक्या खाली बघत पायऱ्या उतरला. एकेक करून बाकीचे मागे सरले. योगिता दार उघडून बाहेर आली आणि तिने जयवंतीच्या पाठीवर हात ठेवला.

नितीनने आईकडे एकदाच बघितलं आणि तो फाटकाकडे चालत गेला, तिथे पाठमोरा उभा राहिला. जयवंती त्याला हाक मारायला गेली नाही.

बारा वाजता ॲम्ब्युलन्स मिळाली. चिमणला पांढऱ्या चादरीत मागे ठेवलं. जयवंती त्याच्याजवळ बसली. नितीन पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला आणि त्याने दार जोरात लावून घेतलं. बाकी माणसं टेम्पोने मागून निघाली. कोणी जयवंतीसोबत मागे बसलं नाही. धाकल्याची बायको येते म्हणाली होती, तिला धाकल्याने टेम्पोत बसवलं.

मसोली मागे पडली. चारोटीला गाडी हायवेला लागली. ट्रक जवळून गेले की चादर हलायची, आणि जयवंती हाताने ती दाबून धरायची. मधल्या काचेतून तिला नितीनचं डोकं दिसत होतं. ते हलत नव्हतं. तिने विचार केला, तो घरी बोलेल. नाहीतर तेराव्याला बोलेल. नाहीतर कधीच बोलणार नाही, आणि तेही बरोबरच असेल. त्याची माफी मागायची तर ती कोणत्या शब्दांनी मागायची, ते तिला सुचत नव्हतं. चिमणला सांगितलं होतं तसं एका दमात सांगून टाकायला हवं होतं, बाप मेल्यावर नव्हे, आधी. पण आता ते झालं होतं.

तलासरीला गाडी वेवजीच्या रस्त्याला वळण्याआधी ड्रायव्हरने बाजूला घेतली. त्याला कोणाचा तरी फोन आला होता. दोन मिनिटं गाडी उभी राहिली. मागे टेम्पोही थांबला. ऊन चादरीवर पडलं होतं.

पुढचं दार उघडल्याचा आवाज झाला. मग मागचं दार उघडलं. नितीन उन्हात उभा होता. चेहरा धुळीने आणि घामाने माखलेला. तो बापाच्या पायांकडे बघत होता, त्या सुजलेल्या पायाकडे, जो चादरीतूनही दिसत होता. ड्रायव्हर पुढून म्हणाला, "चला भाऊ, निघू या."

नितीन आत चढला. बाक लहान होता, आणि जयवंती त्याच्या मधोमध बसली होती.

"आये," तो म्हणाला, "सरक थोडी."

ती सरकली.